सटवाचं चौथं पत्र

नांदूरघाट
१२ ऑक्टोबर २०२५

लंकेतून जिवंत परत आलेल्या बीड जिल्ह्यातल्या माझ्या फौजी बांधवांनो,

सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी आपल्याला समुद्रापार नेलं. कशासाठी, ते जाताना कुणी नीट सांगितलं नाही आणि परत आल्यावर काय झालं हे कुणी विचारलं नाही. आपल्या नातवंडांच्या शाळेची पुस्तकं उघडा आणि त्यात आपण कुठे सापडतो का बघा. गावातली पोरं आपल्याला मारुतीच्या पलटणीतले म्हणतात, शेपूट कुठं ठेवलं म्हणून विचारतात, आणि आपणही हसतो. अशा हसण्यात आपली उमर गेली. आता आपण एकेक करून चाललो आहोत, आणि आपल्याबरोबर ती लढाईही सरणावर जाणार आहे. मला हे मान्य नाही. तुम्हाला आहे का?

अकरा वर्षांपूर्वी मी आणि आपल्यातल्याच आश्रुबाने एका जुन्या गोदामात आपलं स्मृतिदालन उभं केलं. जंगलात तळ कुजलेले बूट, त्रिंकोमालीच्या बाजारात घेतलेला टू-इन-वन रेडिओ, करवंटीचे चमचे, पलंगपोसावर हाताने काढलेला सगळ्या चौक्यांचा नकाशा. गोदामाच्या मालकाला आता जागा हवी आहे. १३ नोव्हेंबरपर्यंत ती मोकळी करायची आहे. सुदैवाने फौजेच्या एका संग्रहालयाने सगळा संग्रह मागितला असून त्यांचा ट्रक त्याच दिवशी येईल. त्यांची अट एकच: प्रत्येक वस्तूसोबत ती कुणाची, कुठली, कोणत्या तारखेची, हे लिहिलेलं हवं आणि ज्याने ते डोळ्यांनी पाहिलं त्याची सही हवी.

तेव्हा आपापल्या ट्रंका उघडा.

आपला,
अजिनाथ घोळवे, हवालदार (निवृत्त)

जाकीर, वरचं छापील सगळ्यांना गेलंय, हे खालचं फक्त तुला. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहितो. सात वस्तू अशा आहेत की ज्या तुझ्या गाडीतून आल्या. तुझी सही नसेल तर त्या नुसतं भंगार आहेत. झालं गेलं विसरून ये. माजलगावहून येऊन-जाऊन एक दिवसाचं काम आहे.


नांदूरघाट
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय जाकीर,

पत्र मिळालं असेल. उत्तर नाही. असो.

काल आपल्या दालनात कोण आलं असेल? वत्सलाबाई. सटवाची विधवा असं लिहिणार होतो, पण हात थांबला. तिच्या हातात अजून हिरव्या बांगड्या आहेत. दिंद्रुडात कुणी आता तिच्याशी त्यावरून वाद घालत नाही. बरोबर मोहिनी होती, सटवाने जिचं तोंड पाहिलं नाही ती त्याची मुलगी. अंगणवाडीत नोकरीला आहे.

अकरा वर्षांत वत्सलाबाईने दालनात पाऊल टाकलं नव्हतं. काल आली ती थेट नकाशापाशी गेली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने सटवाची ती तीन पत्रं काढली आणि मला विचारलं, "भाऊजी, ह्याच्यावर नुसतं छप्पन एपीओ हाय. ते गाव ह्याच्यात कुठं?"

मी तिला समजावलं की छप्पन एपीओ हे गाव नाही. फौजेचं टपाल सगळीकडून त्याच एका पत्त्यावरून येतं, शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून. मग मी नकाशावर बोट ठेवलं. वावुनियाचा तळ, जिथे तुझी गाडी असायची. तिथून उत्तरेला सडक, मग रान, मग तळं, आणि ती वाट जिथे सटवा पडला. दीड तास बोलत होतो. आश्रुबा दोनदा डोळे पुसून गेला. ती मात्र रडली नाही. समुद्रापासून ते किती लांब, बस जाते का, तिथल्या लोकांना हिंदी कळतं का, असं विचारत होती. एवढं मन लावून ऐकणारा श्रोता मला कित्येक वर्षांत मिळाला नाही.

संग्रहालयासाठी ती पत्रं मी मागितली. ती म्हणाली, ते आल्यावर त्यांना विचारा.

त्या पत्रांवरून संग्रहालयाच्या साहेबांनी एक शंका काढली आहे. सटवाचा मृत्यू ९ मार्च १९८८ चा. पत्रं १४, २१ आणि २८ मार्चची. हे कसं? त्यांना मी लिहून पाठवलं ते तुलाही कळवतो:

"आमची कंपनी महिनाभर रानात जायची. तिथून टपाल निघत नसे. घरचे घाबरू नयेत म्हणून आम्ही जाण्याआधीच पुढच्या चार आठवड्यांची पत्रं लिहून ठेवत असू, पुढच्या तारखा घालून. अक्षर माझं बरं म्हणून सगळ्यांची मीच लिहीत असे. तो गठ्ठा तळावरच्या ड्रायव्हरकडे असे आणि तो दर सोमवारी प्रत्येकाचं एकेक पत्र टपालात टाकत असे. शिपाई सटवा वीरगती पावल्यावरही ड्रायव्हरकडून अनवधानाने तीन पत्रं टाकली गेली."

यात तुझं नाव घातलेलं नाही, हे लक्षात घे.

तुझा,
अजिनाथ


नांदूरघाट
४ नोव्हेंबर २०२५

जाकीर,

फार वाईट झालं आहे. मोहिनीचा सकाळी फोन आला. वत्सलाबाई लंकेला निघाली आहे.

मी थट्टा करत नाही. तिने पासपोर्ट काढलाय, सहा महिन्यांपूर्वीच, घरात कुणाला न सांगता. रामायणातली ठिकाणं दाखवायला म्हणून एक माणूस इकडून म्हाताऱ्या माणसांच्या सहली नेतो, त्याच्याकडे नाव घातलंय. दोन्ही म्हशी विकल्या. गुरुवारी, तेराला, दुपारी एक वाजता दिंद्रुडच्या फाट्यावरून गाडी निघणार. अशोकवाटिका बघायची तिला काही पडलेली नाही. तिथे उतरली की ती त्या लोकांना सोडून वावुनियाची बस धरणार आहे. मार्ग तिला पाठ आहे. तळं, रान, सडक, सगळं. मीच पाठ करून दिलं, दीड तास.

तिच्या हृदयाची झडप खराब आहे. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलंय. मोहिनी रडत होती. "काका, तिकडं ती कुठं पडली तर मला तिचं तोंडसुदिक दिसायचं न्हाई. बापाचं न्हाई दिसलं, आता आईचं बी."

सटवाचं प्रेत आलं नाही, अस्थी आल्या. तार १३ मार्चला आली. घरात रडारड सुरू होती, आणि त्यातच पोस्टमनने पत्र आणून दिलं: मी खुशाल आहे. पुढच्या आठवड्यात आणखी एक. मग तिसरं. तिने बांगड्या फोडू दिल्या नाहीत. ती पोटुशी होती. पेन्शनच्या कागदावर सही केली तर नवरा मेला हे कबूल केल्यासारखं होईल म्हणून सहा वर्षं तिने सही केली नाही आणि ती सहा वर्षं पोर पाठीशी बांधून ऊस तोडायला गेली. शेवटी सासऱ्याने, धुळाजीबुवांनी, हात धरून सही करवली. त्यानंतर ते मरेपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही.

हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण तुझ्याकडे चौथं पत्र असलं पाहिजे. चार दिली होती, तीन पोचली. ४ एप्रिलची तारीख घातलेलं आणि टपालाचा शिक्का नसलेलं ते पत्र तिने पाहिलं, तर तिला कळेल की पत्रं आधीच लिहिलेली होती. ते पाठवून दे. तुझ्या जुन्या चुकीची भरपाई करायची ही संधी आहे.

अजिनाथ


दिंद्रुड
८ नोव्हेंबर २०२५

जाकीर,

तुझ्या जावेदने फोन करून सांगितलं, अब्बा म्हणतात पत्रं पाठवू नका. तरी पाठवतो. मोहिनीच्या अंगणवाडीत लहान पोरांच्या बुटक्या बाकावर बसून लिहितोय.

आज वत्सलाबाईला सगळं सांगितलं. तिच्या ओट्यावर बसून दोन तास बोललो. आगाऊ पत्रांची रीत सांगितली. अक्षर सटवाचं नव्हे, माझं, हे सांगितलं. ती म्हणाली, ते तिला पहिल्यापासून ठाऊक आहे, सगळ्यांचीच पत्रं तुम्ही लिहायचा, त्यात काय. मग मी तारखांचं सांगितलं, ड्रायव्हरने चुकून टाकली म्हणून सांगितलं. ती शेंगा फोडत होती. फोडता फोडता म्हणाली,

"भाऊजी, तुमी बोलाया लागलात की दगडाला बी रडू येतंय. दर वर्षी भाषणात माझा नवरा तुमी येगळ्या तऱ्हेनं मारता. एका वर्षी सुरुंगावर पाय पडला. एका वर्षी दोस्ताला वाचवाया गेला. एका साली तर शेवटचं माझं नाव घेतलं म्हणालात. मी मंडपाच्या मागं उभी ऱ्हाऊन समदं ऐकलंय. ह्यातलं कंचं खरं धरू?"

मी म्हणालो, सुरुंग खरा.

"आन ह्ये?" म्हणून तिने तिसरं पत्र माझ्या हातात दिलं. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. म्हणाली, वाचा.

मला वाचावं लागलं. तुला तो मजकूर माहीत नाही. त्या दिवसांत रेडिओवर रोज काहीबाही यायचं, गावोगाव अफवा उठायच्या, म्हणून प्रत्येकाच्या तिसऱ्या पत्रात मी एक वाक्य घातलं होतं: "रेडिओने काहीही सांगितलं, कुणी काहीही म्हटलं, अगदी तार आली तरी घाबरायचं नाही. माझं पत्र तुझ्या हातात आहे तोवर मी आहे असं समज."

सटवा लिहिताना शेजारी बसला होता. तो म्हणाला होता, "येवढं कशाला बे, खुशाल हाय येवढंच लिव्ह." मी ऐकलं नाही. वाक्य चांगलं जमलं होतं.

पत्र तिने माझ्याकडून परत घेतलं, पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, तुमी न्हाई, त्या ड्रायव्हरनं सांगावं. त्यानं डब्यात टाकलं नं? मग त्यालाच ठावं. तो तुमच्यावानी लई बोलत न्हाई म्हंत्यात.

मोहिनीने पासपोर्ट लपवायचं म्हटलं. मीच नको म्हणालो. या बाईपासून आजवर पुष्कळ लपवून झालंय.

जाकीर, ये. माझ्यासाठी नको येऊस.

अजिनाथ


नांदूरघाट
११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

जाकीर,

गॅरेजच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेलं तुझं उत्तर आज दुपारी मिळालं. अकरा वर्षांत तुझ्याकडून आलेल्या एवढ्याच चार ओळी: "चौथं पत्र माझ्याकडं हाय. तुझी चिठ्ठी बी हाय. तिच्यावर तारीख हाय. आधी तू लिव्ह कुणाची चूक, मग बघू."

ती चिठ्ठी तू ठेवली असशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. खरं लिहितो, होतं. सदतीस वर्षं मला तिचीच भीती होती.

तर लिहितो. हे पत्र टपालात टाकत नाही. आश्रुबा मोटारसायकलवर घेऊन येतोय, तो तुझ्या हातात देईल. हा कागद कुणालाही दाखवायला माझी हरकत नाही.

सटवा गेला ९ मार्चला. तुला पत्रं थांबवायला सांगणं हे माझं काम होतं, कारण गठ्ठा मी बांधला होता आणि रानातून तळावर चिठ्ठी जायची ती रसद पोचवून परतणाऱ्या तुकडीबरोबर. पहिली रसद १२ मार्चला आली. त्या दिवशी मी काय करत होतो, सांगू? शोकसभेचं भाषण लिहीत होतो. साहेब म्हणाले होते, तुझ्या जिल्ह्याचा होता, दोन शब्द बोल. त्या दोन शब्दांची मी चाळीस मिनिटं केली. लोक रडले. साहेबांनी पाठीवर थाप दिली. रसदवाले परत गेले तेव्हा मी शेवटचा परिच्छेद पाठ करत होतो, आणि सटवाच्या पत्रांची मला आठवण झाली नाही.

इथवर मी आश्रुबालाही सांगितलंय, थोडं पिऊन. पुढचं कुणालाच नाही.

दुसरी रसद २० तारखेला आली. तेव्हा मला आठवलं. तुला टाकायची तीन पत्रं अजून बाकी होती, आणि मी लिहिलं नाही. रानातली प्रत्येक चिठ्ठी साहेबांच्या नजरेखालून जायची. पुढच्या तारखा घालून पत्रं ठेवणं नियमात बसत नव्हतं. सेन्सॉरला चकवून आपण ते करत होतो आणि त्याचा म्होरक्या मी. माझं हवालदारीचं नाव वर गेलं होतं. मी मनाला समजावलं की तार पोचलीच असेल, तारेपुढे पत्राला कोण विचारतं. तारेवरही विश्वास ठेवू नको असं मीच लिहून ठेवलंय, हे मला आठवत होतं, जाकीर. शब्द न शब्द.

चिठ्ठी मी २ एप्रिलला लिहिली, कंपनी तळाकडे परत निघाली तेव्हा, जेव्हा ती साहेबांना न दाखवता देता आली. चोवीस दिवस. मे महिन्यात मला हवालदारीची तिसरी फीत मिळाली.

तुझी चूक काही नव्हती. तुला जे सांगितलं होतं ते तू दर सोमवारी इमानदारीने केलंस. रानात कोण मेलं हे तळावरच्या ड्रायव्हरला कोण सांगणार होतं? आणि चिठ्ठी हातात पडली त्या क्षणी तू चौथं पत्र थांबवलंस.

आता अकरा वर्षांपूर्वीचं. दालनाच्या उद्घाटनाला मी माईकवरून म्हणालो की आमच्या एका ड्रायव्हरच्या गाफीलपणामुळे एका वीरपत्नीचं आयुष्य नासलं. नाव घेतलं नाही, पण मांडवात ड्रायव्हर तू एकटाच होतास. सटवाच्या भावाने तुझी गचांडी धरली. मदिनाभाभी मधे पडली, तिच्या हातातला केकचा खोका खाली पडला. मी माईक धरून उभा होतो. तुझ्या खिशात ती चिठ्ठी असेल असं आज वाटतंय, कारण तुझा हात खिशाकडे गेला होता आणि परत आला. तू एवढंच म्हणालास, "तू लई बोलतोस बे अजिनाथ." आणि गेलास. त्यानंतर सटवाच्या भावकीतला एकही ट्रॅक्टर तुझ्या गॅरेजला आला नाही, हे मला ठाऊक होतं. मी दर वर्षी भाषण करत राहिलो.

तेव्हा ती चिठ्ठी बाहेर का काढली नाहीस? गेले दोन तास याचाच विचार करतोय. मला वाचवलंस, की माझी लाज वाटली, की बायामाणसांच्या देखत एका माणसाला नागडं करणं तुझ्या स्वभावात नव्हतं? विचारायचा हक्क मला नाही.

परवा गुरुवार. ट्रक सकाळी नऊला इथे येणार आहे. आश्रुबा किल्ली देईल, यादी देईल. अकरा वर्षं ज्या दिवसासाठी राबलो त्या दिवशी मी इथे नसेन. संग्रहालयाला लिहून दिलेलं मी काल मागे घेतलं आणि नवीन पाठवलं. त्यात ड्रायव्हर नाही, तेव्हाचा नाईक अजिनाथ घोळवे आहे. त्यांनी संग्रह नाकारला तर नाकारोत. बूट आणि चमचे राहिले काय, गेले काय, इथे एक बाई जिवंत आहे आणि माझ्या एका वाक्याच्या भरवशावर ती समुद्र ओलांडायला निघाली आहे. सदतीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आलो की आपला इतिहास जपा. माझ्या हातून जपला गेला तो एवढाच खोटेपणा, आणि तोही त्या बाईच्या प्लास्टिकच्या पिशवीत.

मी उद्याच दिंद्रुडला जातोय. पण मी सांगून ती ऐकणार नाही. सत्य सांगायची पाळी आली आणि माझा आवाजच बाद निघाला. तिला तुझा आवाज हवाय.

तू तिच्या ओट्यावर बस. पत्र तिच्या हातात दे आणि शिक्का कुठे आहे ते तिला शोधू दे. ती विचारेल तेवढंच सांग. माझी चिठ्ठीही दाखव, मोहिनीला मोठ्याने वाचायला लाव. मी अंगणात उभा राहीन. सटवाचा भाऊ येईल, त्यालाही मी बोलावलंय. या वेळी त्याला धरायला गचांडी माझी आहे. मी मधे बोलायला लागलो तर मला आवर. यानंतर कदाचित ती बांगड्या उतरवील, कदाचित मला चपलेने मारील, कदाचित तरीही एकच्या गाडीत बसेल. मला माहीत नाही. पण जाणार असेल तर खरं काय ते कळून जाऊ दे.

आश्रुबा तुझ्या उत्तरासाठी थांबणार नाही, मीच त्याला तसं सांगितलंय. जाकीर, गुरुवारी सकाळी दहाच्या आत दिंद्रुडला ये आणि ते चौथं पत्र तुझ्या हाताने वत्सलाबाईला दे.

अजिनाथ